न बसलेला चटका

प्रिय कुसुम,

तू गेल्यावर मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलत आले, तेवढ्यावर भागत होतं. आज भागेना, म्हणून लिहायला बसले. समोर चहा गार झालाय, पायाला बँडेज आहे आणि मला भीती वाटतेय. घरात कुणाला हे सांगता येत नाही. तुला कळेल, कारण तुझ्या पायांचं जे झालं तेच आता माझ्या पायांचं होऊ घातलंय.

मी सध्या मिलिंदकडे आहे, सौदीत, रास तनुराला. त्याला इथल्या रिफायनरीत नोकरी लागली तेव्हा तू चिडवलं होतंस, आठवतं? "वैनी, तुमचा लेक तिकडे तेल काढणार आणि आपण इथे रॉकेलच्या रांगेत!"

परवा गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. इथलं ऊन असं की सकाळी घातलेलं दुपारी कडकडीत. वाळवण म्हटल्यावर चप्पल जिन्यातच सुटली. आपल्या दोघी जावांना सासूबाईंनी लावलेलं वळण ते, अन्नाशेजारी वहाण नको. दुपारी तशीच अनवाणी जाऊन निवांत पापड्या उलटत होते. मागून सून आली, रश्मी. मला बघून तिनंही सपाता दारात काढल्या, एक पाऊल फरशीवर टेकवलं आणि किंचाळून मागे उडी मारली.

"आई, तवा झालाय हा! तुम्ही उभ्या कशा?"

मी ऐटीत म्हटलं, "अगं, आमचे पाय कातळावर वाढलेत. तुमचे आपले गालिच्यावरचे."

ती हसली नाही. माझ्या पायांकडे बघत राहिली.

संध्याकाळी नातीनं, इरानं, माझा पाय उचलून धरला. "आजी, ये क्या है? इतना बडा ब्लिस्टर!" मी चाचपून पाहिलं. फोड हाताला कळला. पायाला नाही.

तेव्हा तू डोळ्यांपुढे उभी राहिलीस. मळ्यातून आली होतीस, ओटीवर रक्ताची पावलं उमटली होती, आणि तूच आम्हाला विचारत होतीस, "कोणाला लागलं गो?" काच तुझ्याच तळव्यात रुतली होती. किती हसलो आपण. पुढे लग्नकार्यात मी कौतुकानं सांगायची, आमच्या कुसुमचे पाय म्हणजे दगड. मग जखम चिघळली, गुडघ्याखाली पाय काढावा लागला, आणि त्या दुखण्यातून तू उठलीच नाहीस. साखर तुलाही होती, मलाही आहे. मी ती चहापुरतीच मानली.

तुला आधीच कळलं होतं ना, पायाला जमीन लागत नाही ते? मग मला का नाही बोललीस? की तूही घाबरलीस म्हणूनच ऐट करत होतीस?

अनवाणी चालायचं सुख आपल्याला कसं फुकटात मिळालं होतं. सारवलेल्या अंगणाचा गारवा आधी टाचेला कळायचा, मग आपल्याला. ओहोटीला तू टाचा रोवून उभी राहायचीस आणि लाटेनं पायाखालची वाळू ओढली की गुदगुल्या होऊन खिदळायचीस. इथेही समुद्र आहे. शुक्रवारी सकाळी जातो आम्ही, मी चपला हातात घेते. गेल्या खेपेला वाळू कापसासारखी लागली. म्हटलं, इथली वाळूच मऊ असेल. बघ कशी स्वतःची समजूत घातली.

आज सकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण केरळची, हिंदी बोलणारी. "अम्मा, आँखें बंद. जहाँ लगे वहाँ हाँ बोलना." नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवत होती म्हणे. मी डोळे घट्ट मिटले. काहीच लागेना. अगदीच नापास नको, म्हणून अंदाजानं म्हटलं, "हाँ."

ती हळूच म्हणाली, "अम्मा, अभी लगाया नहीं."

पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं झालं गं मला.

शेवटी डाव्या तळव्याच्या खळगीत तेवढं लागलं. बाकी दोन्ही पाय गप्प. "फोड भरेल, पण नंगे पैर खलास," ती म्हणाली. "घर में भी." घरातही? देवापुढेही? मी विचारलं, तर म्हणाली, "वहाँ भी."

येताना रश्मीनं मऊ चपला घेतल्या. घरी नळाखाली धुऊन माझ्यापुढे ठेवल्या. "या फक्त घरातल्या आणि देवाजवळच्या. आजेसासूबाई वरून रागावल्या तर माझं नाव सांगा."

मी अजून त्यात पाय घातलेला नाही. तिथे सासूबाई भेटतात का? भेटल्या तर तूच समजाव त्यांना, तुझं ऐकतील.

आणि माझं वचन घे. हे पत्र मिटलं की त्या चपला घालीन. रोज इराला तळवे दाखवीन. आत्ता रश्मीला हाक मारून शेजारी बसवीन आणि तू जे बोलली नाहीस ते बोलीन, की मला जमीन लागत नाही, मला भीती वाटते. खळगीतली ती बोटभर जागा जपीन. मघाशी इरानं तिथे ओलं बोट टेकवलं, तर आपलं अंगण लागलं बघ पायाला.

तुझी,
वैनी