खडा पडला न्हाई

अण्णा,

कोळारहून आलास की घर बंद दिसंल. वैनीला घेऊन मी गुरुपादय्यांच्या जीपनं गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात जायलेय. बाळ शेजारी सुमतीबाईंकडं हाय, दूध पिऊन झोपलंय.

सकाळी तू निघालास तवा वैनीची कंबर दुखायची थांबली होती, म्हणून मुतखडा पडला असं आपण समजलो. तो पडला न्हाई अण्णा, आतच अडकलाय. दुपारी तिला थंडी वाजून ताप चढला. सकाळपासून लघवीबी न्हाई. हुलसूरचे डॉक्टर म्हणाले, "लघवी मागं तुंबून पू झालाय. आजच वाट मोकळी केली न्हाई तर किडनी जाईल."

मागं दोनदा खडा दुखला तवाबी असाच ताप आलता, अन् आपण हिवतापाच्या गोळ्या दिल्या. हे सांगितलं तर डॉक्टरांचा चेहराच उतरला. "एक किडनी त्यातच खराब झाली असंल. आता दुसरी वाचवायची," म्हणाले.

वैनी जीपमधून सांगायलीय, "मी बरी हाय, एवढंच लिही. उगं घाबरतील."

मला ते लिहवंना, अण्णा. हातपाय न धुता तसाच ये.

बसम्मा