गाडीचा तोच नंबर

१८ नोव्हेंबर २००२, सोमवार

आज शाहूपुरीत आमची गाडी उभी दिसली आणि मी सरळ जाऊन डावं दार उघडायला हात घातला. हे गेल्यावर गाडी माझ्या नावावर करून घेतली, मग निपाणीच्या पावण्यांना विकली, कर्नाटकात नोंदवायला आरटीओची एनओसीही काढून दिली. सगळं मीच केलेलं. तरी तो नंबर दिसला आणि वाटलं, हे आत बसलेत, मला उशीर झाला म्हणून चिडलेत.

आत पावणे होते. "बसा की वैनी, घरापत्तोर सोडतो."

"नंबर अजून बदलला नाही?"

"तिकडं टॅक्स लई हाय वो. चालतंय तवर चालवायचं."

घरी आल्यावर दिरांना सांगितलं, तर ते भडकलेच. "वहिनी, उद्या त्यानं कुणाला ठोकलं तर पोलीस तुमच्या दारात येतील! आत्ताच्या आत्ता फोन करा त्याला."

बरोबर आहे त्यांचं. फोनपाशी जाऊन बसलेही. पण नवा नंबर लागला की गाडी शेजारून गेली तरी मला कळणार नाही. दाराला हात का घातला मी? विचारही न करता?

फोन केला नाही. पुढच्या सोमवारी पावणे पुन्हा शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला येणार आहेत. माझं तिथे काही काम नाही. तरी मी जाणार.