सासूबाईंचा कौल

२१ जानेवारी

टीव्ही गेला. आधी उजव्या कडेला एक हिरवी रेघ आली, मग तिला बहिणी झाल्या, आणि आज बातम्या देणारी बाई अर्धी हिरवी होऊन मध्येच गप्प झाली. मी म्हटलं, "गेला." ही म्हणाली, "जाऊ दे." इतक्या वर्षांच्या सेवेला एवढाच शोकसंदेश!

घर तसंही गप्पच आहे. सासूबाईंना आमच्याकडे आणल्याला महिना झाला. मेंदूत गुठळी झाली, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं बंद. कळतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात, फक्त शब्द बाहेर येत नाही. ज्या बाईंनी मुख्याध्यापिका म्हणून आख्खी शाळा नुसत्या आवाजावर चालवली, त्या आता हॉलच्या खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात. खुर्ची तिथे हिने ठेवलीय. उजेड असतो म्हणून.

२३ जानेवारी

वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंनी आज सगळ्यांचीच शाळा घेतली. "घरातल्या प्रत्येकाने रोज अर्धा तास त्यांच्याशी बोलायचं. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. त्यांचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही." हे शेवटचं हिला होतं. ही दिवसभर दोन्ही बाजूंनी बोलते — "आई, चहा हवा ना? हो, हवा. साखर घालू? नको, बरं."

जाताना जिन्यात त्या म्हणाल्या, पहिले काही महिनेच महत्त्वाचे, पुढे अवघड होत जातं. हिने ते ऐकलं. जेवली नाही.

माझी पाळी संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर. पण बोलू काय? लग्नाला अठरा वर्षं झाली, सासूबाईंनी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. माझ्यासाठी त्यांचा ठरलेला शब्द एकच — "सरका!" स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, सरका. खिळा ठोकायला घेतला, सरका, द्या इकडे. लग्नाच्या ग्रुप फोटोतही मला फोटोग्राफरने नाही, त्यांनीच सरकवलं. त्या फोटोत मी अर्धा आहे. नवरा असून!

२४ जानेवारी

अर्धा तास. हवामानावर बोललो. दोन मिनिटांत हवामान संपलं. उरलेला वेळ मी घड्याळाकडे बघितलं आणि त्यांनी खिडकीबाहेर.

२७ जानेवारी

ही म्हणाली, "घे तुला हवा तो टीव्ही, पण एकदाच घे आणि त्यावरून माझं डोकं खाऊ नको." परवानगी मिळाली. दुकानात गेलो.

तिथला विक्रेता टाय लावलेला, म्हणून त्याचं नाव टाय. भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर एकच पोपट. सगळीकडे सुंदर. टाय म्हणाला, "सर, पासष्ट इंची घ्या, त्याखाली आता कोणी घेत नाही." मग जाती सांगायला लागला. ओएलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी. मी म्हटलं, "फरक काय?" तो म्हणाला, "अनुभवाचा फरक आहे सर." हे उत्तर त्याला पाठ होतं.

मी म्हटलं, पोपट काढा, काळं काहीतरी दाखवा. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासणं हे माझं काम. आमच्याकडे काळा म्हणजे काळा, जरा करडा पडला की गठ्ठा परत जातो. टायने आकाशातल्या चांदण्या लावल्या. आणि मग मला दिसला तो ओएलईडीचा काळा! टीव्ही बंद असावा असा, आणि त्यात चांदण्या. शेजारच्या मिनी एलईडीवर प्रत्येक चांदणीभोवती धुरकट वलय. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. टाय दुसरं गिऱ्हाईक करून परत आला.

२८ जानेवारी

विषय सापडला!

आज सासूबाईंना टीव्ही समजावून सांगितला. "आई, ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा असतो. काळं दाखवायचं तर तो ठिपका सरळ विझतो. मिनी एलईडीत पडद्याच्या मागे बारीक बारीक दिव्यांच्या टोळ्या असतात. एका चांदणीसाठी आख्खी टोळी पेटते, म्हणून भोवती वलय. क्यूएलईडीतही दिवा मागेच, फक्त रंग जास्त चांगले." मग सांगितल्याप्रमाणे प्रश्न विचारला, "समजलं?" आणि थांबलो.

काही नाही. पण अठरा वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं शेवटपर्यंत गेलं. मला आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही. मध्येच कोणीतरी "पुरे" म्हणेल म्हणून मी सवयीने थांबत होतो.

३१ जानेवारी

मेहुण्याचा फोन. पहिला प्रश्न नेहमीचाच, "आई बोलली का?" नाही म्हटल्यावर तो विषय बदलतो आणि तज्ज्ञ होतो. आज टीव्हीचा तज्ज्ञ. "भावोजी, ओएलईडी अजिबात घेऊ नका. बातम्यांची पट्टी एकाच जागी राहिली की तिचा डाग पडतो, कायमचा. आणि दिवसा काय दिसणार त्यात? तुमचा हॉल म्हणजे नुसता उजेड. मिनी एलईडी घ्या, भर उन्हात लख्ख दिसतो."

मी हो हो म्हटलं. याने मागे सुचवलेला मिक्सर अजून माळ्यावर आहे.

२ फेब्रुवारी

मेहुणा बरोबर असण्याची शक्यता तपासली. टीव्हीच्या जागी भिंतीवर ऑफिसची काळी चकचकीत फाइल टांगली आणि सोफ्यावर बसून पाहिलं. फाइलीत आख्खी खिडकी दिसली, सासूबाईंसकट. म्हणजे ओएलईडी घेतला तर संध्याकाळी मला त्यात सिनेमा नाही, सासूबाई दिसणार.

खिडकीत उभा राहून बाहेर काय आहे तेही पाहिलं. काही नाही. समोरच्या मैदानात गाडी शिकवणाऱ्यांचा क्लास आहे. एक पिवळी गाडी दिवसभर दोन प्लॅस्टिकच्या शंकूंमध्ये उलटी घुसायला बघते आणि शंकू पाडते. "फिरवा! फिरवा! अहो, दुसरीकडे फिरवा!" मग ढप्. मग शंकू उभा करतात आणि पुन्हा तेच.

म्हणजे बघण्यासारखं काहीच नाही. जाड पडदे लावले तर कोणाचं काही बिघडणार नाही. उजेड अडवणारे पडदे मिळतात. हिला विचारलं. "आई तिथे उजेडात बसते, पडदे कसले लावतोस?" असं म्हणून आत निघून गेली. विषय बंद.

५ फेब्रुवारी

आज काहीतरी घडलं!

मी सासूबाईंना बर्न-इन समजावत होतो, म्हणजे ते डाग पडणं. म्हटलं, "पण आई, रोज थोडे कार्यक्रम बदलले तर ओएलईडीला काही होत नाही." आणि त्यांच्या डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर वाजलं. टक्. एकदाच, पण स्पष्ट. मी जागचा हललो नाही. हिला हाक मारली. ही पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. मी पुन्हा म्हटलं, "ओएलईडी." दोघं श्वास रोखून उभे. बराच वेळ काही नाही. मग टक्!

ही खाली बसली आणि आईचा हात धरून रडली. मला वाटतं, या घरात ओएलईडी या शब्दावर रडलेली ही पहिलीच.

६ फेब्रुवारी

रीतसर कौल घेतला. "आई, मिनी एलईडी?" थांबलो. काही नाही. "क्यूएलईडी?" काही नाही. "ओएलईडी?" आणि लगेच टक्. एवढंच नाही, पाठोपाठ दुसरं टक्!

निकाल स्पष्ट आहे. मेहुण्याला फोन करून कळवलं. तो म्हणाला, "आईला टीव्हीतलं काय कळतंय?" मी म्हटलं, आईचा अपमान करू नकोस.

८ फेब्रुवारी

ही आज भांडी लावताना म्हणाली, "पण एक आठवतं. शाळेत कोणाचं चुकलं की आई बोलायची नाही, टेबलावर बोट आपटायची. टक् केलं की पोरं घाबरून पुन्हा पहिल्यापासून म्हणायची."

मी म्हटलं, आजारानंतर सवयी बदलतात. ही म्हणाली, "तसंही असेल." मी विषय वाढवला नाही.

९ फेब्रुवारी

वाचा सुधारणाऱ्या बाईंना कौलाची गोष्ट सांगितली. "कुठला शब्द ऐकून बोट हलतं?" मी सांगितलं. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "चांगलं आहे, हालचाल हेतूने होतेय. पण त्या बोट हलवतात तेव्हा बघतात कुठे, तेही लक्षात ठेवा."

कुठे बघतात? नेहमीसारखंच, बाहेर. माझ्याकडे त्यांनी आधीही फारसं बघितलेलं नाही.

११ फेब्रुवारी

ही पडद्यांना तयार झाली. म्हणाली, "आईने निवडलाय ना, मग होऊ दे तिच्या मनासारखं." पडदे लागले की खुर्ची खिडकीतून काढून सोफ्याशेजारी, टीव्हीसमोर. त्यांना अगदी मधली जागा देणार आहे. माझी जागा देतोय, हे इथे नमूद करून ठेवतो.

दुकानात जाऊन ओएलईडी नोंदवला. टाय म्हणाला, "उत्तम निवड सर." मी म्हटलं, माझी नाही, सासूबाईंची. टायने हस्तांदोलन केलं.

१३ फेब्रुवारी

आज बोट वाजलं नाही. एकदाही नाही. ओएलईडी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, तुकडे पाडून म्हटलं. चेहरा पडलेला. ही घाबरली, ताप बघितला, रक्तदाब बघितला. सगळं ठीक.

मीही खिडकीत जाऊन उगाच उभा राहिलो. मैदान रिकामं. क्लासला सुट्टी असावी.

१४ फेब्रुवारी

बोट पुन्हा सुरू! मी तोंड उघडण्याच्या आधीच टक् झालं. म्हणजे आता शब्दाचीही गरज नाही, मी आलो की विषय त्यांना कळतो. एवढी समजूत आमच्यात कधी नव्हती.

१५ फेब्रुवारी

ही संध्याकाळी माझ्या पाळीच्या वेळी शेजारी येऊन बसली. मी अर्ध्यावर थांबलो तर म्हणाली, "चालू दे, बरं वाटतं ऐकायला." मग आईच्या पायाला तेल लावता लावता, माझ्याकडे न बघता बोलली. "लहानपणी मला वाटायचं, हिने एक दिवस तरी ओरडू नये. एकच दिवस. आणि आता वाटतं, काही नको, एकदा माझ्यावर ओरडू दे. नावसुद्धा घ्यायला नको. नुसतं ओरडू दे."

माझ्याकडे फक्त टीव्हीचा विषय होता. मी हिच्या हातातली तेलाची वाटी घेतली आणि दुसऱ्या पायाला तेल लावलं. सासूबाईंनी पाय मागे घेतला नाही. पूर्वी घेतला असता.

खरं सांगायचं तर मलाही तो आवाज हवाय. ऑफिसातून येताना जिन्यात मी अजूनही थबकतो, आत कोण आहे ते आवाजावरून कळेल म्हणून. कळत नाही. या बाईंची मी अठरा वर्षं धास्ती घेतली आणि आता त्या गप्प आहेत तर घरात पाऊल टाकवत नाही. असा कसा मी!

१६ फेब्रुवारी

उद्या सकाळी पडदेवाला मापं घ्यायला. टीव्ही परवा.

१७ फेब्रुवारी

पडदेवाला वेळेवर आला. ही न्हाणीघरात. मी खिडकीत स्टुलावर उभा, वरून टेप धरून. पडदेवाला खाली, तोंडात पेन्सिल. तो आकडा लिहून घेत होता आणि मागून आवाज आला —

"सरका!"

मी टेपसकट सरकलो. सवयच ती. मग कळलं, आवाज कोणाचा. पडदेवाल्याच्या तोंडात तर पेन्सिल होती.

"सरका. दिसत नाही."

शब्द जाडसर होते, अडखळत आले, पण आले. मी वळून बाहेर पाहिलं. मैदानात पिवळी गाडी उलटी येत होती. नवीन कोणीतरी शिकणारा. फिरवा, फिरवा, दुसरीकडे! ढप्. शंकू आडवा. आणि माझ्या मागे खुर्चीच्या हातावर बोट — टक्.

ही डोक्याला साबण तसाच ठेवून धावत आली. "कोण बोललं? कोण बोललं आत्ता?" मी खिडकीतच उभा, ही आईपुढे गुडघ्यांवर, केसांतून पाणी गळतंय, "आई, पुन्हा बोल, काय म्हणालीस?" — आणि सासूबाईंनी आम्हा दोघांच्या मधून मान वाकडी करून बाहेर बघितलं, आणि हिच्यावर ओरडल्या. चांगल्या ओरडल्या!

"सरका!!"

पडदेवाल्यासकट तिघंही सरकलो. पडदे रद्द केले. टायला फोन केला, मिनी एलईडी पाठवा म्हटलं.