पूनमसिंग गाडीतून उतरला नाही

१८ जानेवारी १९६३. संध्याकाळ.
आज पूनमसिंगच्या मोटारीने मला उडवलं.

समन्स वाटून दारव्ह्याहून तांड्याकडे सायकलवर येत होतो. मागून हॉर्न. ओळखीचाच. रस्ता सरकारचा आणि मी सरकारी बेलीफ. ठेकेदाराच्या हॉर्नला घाबरून बाजूला व्हायचं मला कारण नव्हतं. तो वाजवत राहिला, मी रस्त्याच्या मधोमध. नाल्याच्या वळणावर मडगार्ड माझ्या मागच्या चाकाला लागलं आणि मी कडेच्या तरोट्याच्या झुडपात. गुडघा सोलला, घोटा मुरगळला, पँट फाटली, चाकाची जिलबी झाली.

पडण्याचं काही नाही. माणसं पडतात. पण पूनमसिंग गाडीतून उतरला नाही! आत बसून हात हलवत होता, काचेवर बोटं आपटत होता. तोंडही चालू होतं. काचा बंद, त्यामुळे शिव्या ऐकू आल्या नाहीत, पण आमच्या गोरबोलीतल्या असणार. मग गाडी सुरू केली आणि निघून गेला. ज्याच्याबरोबर लहानपणी बकऱ्या चारल्या तो!

थोड्या वेळाने त्याचा गडी बैलबंडी घेऊन आला. मी बसलो नाही. लंगडत घरी आलो. आता सूड.

१९ जानेवारी
पूनमसिंगशी जन्मात बोलणार नाही. त्याचं लायसन रद्द करवणार. विमा कंपनीकडे क्लेम लावून त्याला भिकेला लावणार. इतकी वर्षं कोर्टात उगाच नाही काढली.

पूनमसिंगकडून तुपाचा डबा आला. घाबरला. डबा तसाच परत पाठवला. तूप बायकोने, हंसाबाईने, आधीच काढून घेतलं होतं हे जेवताना कळलं. पुरावा म्हणून थोडं खाल्लं.

२४ जानेवारी
बापूजी वकिलांना कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं. ते म्हणाले, क्लेम मिळाला तर कंपनी देईल. मी विचारलं, मग पूनमसिंगचं काय जाईल? ते म्हणाले, काहीच नाही, विमा त्यासाठीच असतो.
हा कसला कायदा?

दुपारी शांतपणे विचार केला. पैशाचं मला काही नाही. कंपनीचा इन्स्पेक्टर चौकशीला येईल. तांड्यात, आमचा मुखिया देवीलाल नायक याच्यासमोर, सगळ्यांच्या देखत पूनमसिंगला विचारेल. त्याला कबूल करावं लागेल की उत्तमसिंग तरोट्यात पडला होता आणि मी गाडीतून उतरलो नाही. एवढं झालं की मी सुटलो.

अर्ज पाठवला. "कायमचं अपंगत्व" हा शब्द वकिलांनी नको म्हटला होता, मी घातला.

२ फेब्रुवारी
वाईट बातमी. सूज उतरली.
घोटा तिन्ही बाजूंनी दाबून पाहिला. दुखत नाही. चौथ्या बाजूने थोडासा दुखतो, पण फार दाबावं लागतं. पट्टी जाड केली. काठी घेतली. हंसाबाई बघत होती. म्हणाली, "पाय बरा हाये तुमचा. म्हशीले पानी पाजा." मी म्हटलं, मार आतला आहे. तिने बादली माझ्यासमोर ठेवली आणि गेली.
पाजलं. पण लंगडत.

९ फेब्रुवारी
लंगडा बेलीफ काय कामाचा, असं म्हणून कोर्टाच्या नाझरने मला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. दिवसभर धूळ आणि झुरळं. हेही पूनमसिंगच्या खात्यावर.

१५ फेब्रुवारी
पूनमसिंग पानठेल्यावर दिसला. गाडी थांबली तरी हा आतच बसून. कोणीतरी पळत येऊन दार उघडावं, मग साहेब उतरणार! दिवाळीला ही सेकंडहँड मोटार आणली तेव्हापासून पाहतोय, स्वतःच्या हाताने दार उघडलेलं नाही. राजाच.

मी तेव्हाच याच पानठेल्यावर जाहीर केलं होतं की या डब्यात मी मेलो तरी बसणार नाही. त्यानंतर त्याने सगळ्या तांड्याला फिरवून आणलं. म्हातारी रुपीबाईसुद्धा पार यवतमाळपर्यंत जाऊन आली. मला एकदाही विचारलं नाही. त्याचा मला राग नाही. कारण नसताना मी राग धरत नाही.

आज तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला आला. मी काठी आपटत निघून आलो. घाईत काठी दुसऱ्या हातात गेली होती बहुतेक. कोणाच्या लक्षात आलं नसावं.

२३ फेब्रुवारी
कंपनीचं पत्र! नागपूरहून इन्स्पेक्टर धर्मपाल गजभिये रविवारी १० मार्चला तांड्यात येणार.

१० मार्च म्हणजे धुळवड. हा दिवस पूनमसिंगने सुचवला म्हणे, त्या दिवशी सगळा तांडा घरी असतो, साक्षीदार मिळतील. मूर्ख! स्वतःच्या फजितीला स्वतःच गर्दी जमवतोय.

५ मार्च
इन्स्पेक्टरसमोरचं भाषण पाठ केलं. "साहेब, पाय गेला त्याचं दुःख नाही, माणुसकी गेली त्याचं आहे." म्हशीसमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा माझेच डोळे भरून आले.

नायकाच्या अंगणात लेंगीची, म्हणजे आमच्या होळीच्या गाण्यांची, तालीम सुरू झाली आहे. मिसरूड फुटल्यापासून होळीला लेंगी पूनमसिंग म्हणतो आणि डफडं मी वाजवतो. यंदा डफडं खेमसिंगला दिलं म्हणे. खेमसिंग! गोवऱ्या थापल्यासारखा वाजवतो. घरापर्यंत ऐकू येतं. मला काय त्याचं. अपंग माणसाला डफड्याशी काय देणंघेणं?
भाकरी अर्धीच खाल्ली.

८ मार्च
आजही खेमसिंग मागेच पडतोय. हंसाबाई म्हणाली, जा ना, सांगून या त्याले. मी म्हटलं, त्या अंगणात माझं पाऊल पडणार नाही. ती म्हणाली, कोनतं, बरं का दुखरं?
मी पट्टी घट्ट केली.

१० मार्च. धुळवड. तिसरा प्रहर.
सगळं जसं झालं तसं लिहितो. माझी चूक कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही.

आमच्या रीतीप्रमाणे पहाटे होळी पेटली तेव्हा मी लांब बाजेवर बसून होतो. उन्हं वर आली तसे गजभियेसाहेब आले. अंगाने बारीक, धीम्या बोलण्याचा माणूस. नायकाने त्यांना माझ्या शेजारच्या बाजेवर बसवलं, कपाळाला गुलाल लावला. माझा पाय उशीवर. पट्टी काल धुऊन घेतली होती. साहेब म्हणाले, आधी तुमचा सण होऊ द्या, मग जबाब घेतो. मी कण्हत मान डोलावली.

पूनमसिंगने लेंगी उचलली. आमची जुनी, ज्यात डफडं दोनदा थांबतं आणि तिसऱ्याला उडी मारून पुढे जातं. खेमसिंग थांबलाच नाही. पूनमसिंगचा आवाज घसरला. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो मधेच गप्प झाला आणि थेट माझ्याकडे पाहिलं. बाया पदराआड हसायला लागल्या.

तो सापळा होता. मला आता कळतंय.

पुढचं मला नीट आठवत नाही. हंसाबाई सांगते की मी उशी उडवली, ती साहेबांच्या मांडीवर पडली, आणि खेमसिंगच्या हातून डफडं हिसकून घेतलं. मला आठवतं ते एवढंच की तिसऱ्या ठोक्याला पूनमसिंगचा आवाज बरोबर माझ्या हाताखाली आला. मग थांबायचं कसं? लेंगीमागून लेंगी झाली. रिवाजाप्रमाणे बाया काठ्या घेऊन आम्हा पुरुषांच्या मागे लागल्या तेव्हा सगळ्यात पुढे मी पळत होतो. पट्टी सुटून मागे लोळत होती.

दम घ्यायला थांबलो तर समोर गजभियेसाहेब. हातात माझी काठी. शांतपणे म्हणाले, "राठोड, तुमचं कायमचं अपंगत्व मी सकाळपासून बघतो आहे. फार छान आहे."

सगळा तांडा हसला. मी भाषण आठवायला गेलो, आठवलं नाही.

तरी साहेबांनी रीत म्हणून पूनमसिंगला विचारलं, अपघातानंतर तुम्ही गाडीतून उतरलात का? मी कान टवकारले. पूनमसिंगने पागोट्याला हात लावला, खाली पाहिलं. म्हणाला, "नाही उतरलो साहेब. उतराले पाह्यजे होतं. माह्यी चूक झाली."

नायकासमोर! सगळ्यांच्या देखत! साहेबांनी का उतरला नाहीत असं विचारलं, तर तो पागोटं सारखं करायला लागला. बोलणार काय?

क्लेम बंद झाला. होऊ दे. मी जिंकलो. आनंदाने एक शेवटची लेंगी घेतली आणि तिच्या तिसऱ्या ठोक्याच्या उडीत उजवा घोटा खरोखर मुरगळला. मोठ्याने ओरडलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

११ मार्च. सकाळ.
घोटा नारळाएवढा. हंसाबाईला दाखवला. तिने न बघताच बादली पुढे केली.

एकट्या पूनमसिंगला खरं वाटलं. गाडी दारात आणून उभी केली, काही न बोलता मला उचललं आणि पुढच्या सीटवर ठेवलं. मी म्हटलं, मी मेलो तरी बसणार नव्हतो. तो म्हणाला, "मालूम हाये मले. म्हनूनच इचारलं नाही कधी."

सीट बरी आहे.

तीच तारीख, दारव्हा. कोर्टासमोर.
पूनमसिंग डॉक्टरला बोलवायला गेला आहे. पानवाल्याने बाहेरून दार उघडलं तेव्हा हा उतरला. दार लोटलं, आलोच म्हणाला.

आत उकडतंय. दार उघडायला गेलो, तर आतली कडीच नाही. कडीच्या जागी भोक. त्यात पेन्सिल घालून फिरवली, पेन्सिल मोडली. अर्धीने लिहितोय. सरकून त्याच्या बाजूचं दार पाहिलं. तिथेही भोक. काच खाली करायचा दांडा दोन्हीकडे नाही.

म्हणजे नाल्यावर त्या दिवशी तो

बरं. पण मग सांगायचं ना! बोलायला आला असता तर मी काय ऐकलं नसतं?

आल्याबरोबर सांगून टाकणार की मी सगळं माफ केलं. नाही, आधी मीच माफी मागावी का, हे ठरवतो.

थोड्या वेळाने.
अजून आला नाही. बापूजी वकील समोरून गेले. मी हात हलवला. त्यांनी हसून नमस्कार केला आणि पुढे गेले. नाझरला हात केला. तो शिपायाला काहीतरी म्हणाला, दोघे हसले. हॉर्न वाजवला. लोक रस्त्यातून बाजूला झाले.

खेमसिंग सायकलवर आला. देवासारखा आला. मी काचेवर बोटं आपटली, दार उघड, दार उघड म्हणून ओरडलो. तो थांबला, माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, कालच्या डफड्याचा राग असणार, आणि काचेतून मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने म्हणाला, "गाडीत बसला तं शिव्या देते काय बे?"

आणि थुंकून निघून गेला.