दारू नव्हे, सुलोचन असल्याचा दाखला

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, शेवंतवाडी,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

विषय : मी दारू पीत नसून माझे डोके पंक्चरच्या सुलोचनाने फिरते, असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) दि. ५/३/२००४ रोजी आपण केलेली माझी तपासणी. २) ग्रामसभेचा ठराव, जो मीच मांडला.

महोदय,

विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी बसथांब्यावरील सायकल पंक्चरच्या टपरीचा मालक, कारागीर व एकमेव कर्मचारी आहे. गेली बावीस वर्षे ट्यूबला सुलोचन, म्हणजे ठिगळ चिकटवायचे रबरी सोल्युशन, लावत आहे. धूळ बसली की ठिगळ सुटते, म्हणून टिनाचे दार लावून काम करण्याची हुशारी मी केली. सुलोचन वाळले का, हे बोटाने पाहिलेले आमचे उस्ताद पेमाजी यांना चालत नसे. ते म्हणत, "बोट लावू नको, नाकाला इचार." मी नाकाला विचारत आलो. दोन वर्षांपासून नाक उत्तर देत नाही, म्हणून ट्यूब आणखी जवळ नेऊन विचारू लागलो. असा मी शहाणा.

परिणामी दुपारपर्यंत डोके ठणकते, मळमळते, डोळे लाल होतात, जीभ जड पडते. बाहेर पडलो की रस्ता डावीकडे जातो व मी उजवीकडे. हात थरथरतात, बोटांना मुंग्या येतात. विसरही पडतो. पोस्टमन हरिचंद यांच्या ट्यूबला छिद्र नव्हते तिथे मी तीन ठिगळे लावली व छिद्र सुस्थितीत परत केले.

मी गावच्या दारूबंदी समितीचा सचिव आहे. झोकांड्या खाणाऱ्याचे नाव चौकशीविना पंचायतीच्या फळ्यावर लिहावे, हा ठराव मीच जोरदार भाषण करून मंजूर करून घेतला. पहिले नाव माझेच लागले. लिहिण्याचे काम सचिवाचे असल्याने ते मीच लिहिले. अक्षर वाकडे आले, तोही पुरावा धरण्यात आला.

हेही सोसले असते. परंतु माझी मुलगी शिवकन्या हट्टा या सासरच्या गावाहून बाळंतपणाला आली असून नात वीस दिवसांची झाली आहे. "पिऊन आलेल्या मानसाच्या हातात मी लेकरू देणार न्हाई," असे पत्नी नर्मदाबाई सर्वांदेखत म्हणाली. मला ते फार लागले.

टपरीला खिडकी आहे का, असे आपण विचारलेत. बावीस वर्षांत हे कोणी विचारले नव्हते, मीही नाही. आपल्या सांगण्यावरून आता बाहेर लिंबाखाली बसतो. गेलेला वास परत येईलच असे सांगता येत नाही, हेही आपण सांगितलेत.

तरी दाखला द्यावा, ही विनंती. तो मी फळ्यावर चिकटवीन, तोही पिठाची खळ लावून. हात थरथरतात हे खरेच, म्हणून नातीला खाली बसून मांडीवरच घेईन. तिच्या टाळूवरच्या तेलाचा वास घरभर येतो म्हणतात. मला तो बहुधा येणार नाही. तरी जवळ जाऊन नाकाला एकदा विचारायचे आहे.

आपला, पूर्ण शुद्धीतला अर्जदार,
मसाजी ग्यानबा गडदे
(सही वाकडी असली तरी माझीच आहे.)
दि. १२/३/२००४

सोबत :
१) ठरावाची नक्कल.
२) सुलोचनाचा रिकामा डबा. कृपया हुंगून तपासू नये.