पाच ओव्हर, तीन विकेट

आई, आज ऑफिसात एका मुलीने बॉल सोडला. ऑफ स्टंपच्या बाहेरून चाललेला बॉल, तिने बॅट वर उचलून अंगाजवळ घेतली आणि तो तसाच कीपरकडे जाऊ दिला. पाच ओव्हरच्या मॅचमध्ये. यात एवढं काय ते तुला कळणार नाही, क्रिकेट तुला तेव्हाही कळायचं नाही, पण तिच्या मागे उभी असलेली चार माणसं एकदम स्क्रीनकडे वाकली आणि माझे कान गरम झाले. भांडणात होतात तसे नाही, वेगळेच. तुला पहिल्यापासून सांगतो.

मी लोअर परळला कामाला आहे. आजोबांच्या मिलच्या जागेवर ज्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या त्यातल्या एकीत, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही मोबाइलवर खेळायचा क्रिकेटचा गेम बनवतो. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले की गेम खेळणारी पोरं शेवटी गेमच खेळत राहतात. मी बॅगसुद्धा न उचलता बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. पप्पा त्यानंतर किती दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तू असतीस तर बोलली असतीस, आणि ते जास्त जड गेलं असतं. मग इथे टेस्टर म्हणून लागलो. टेस्टर म्हणजे दिवसभर खेळायचं आणि काय चुकतंय ते सांगायचं. चुका काढायला मी पहिल्यापासून हुशार, ते तुला सांगायला नको.

आमचा गेम दिसायला एकदम खरा आहे. खेळपट्टी दुपारनंतर भेगाळते, बॉल जुना झाला की वळतो, बोलर दमला की त्याचे खांदे उतरतात. पण खरं क्रिकेट दिवसभर चालतं आणि मोबाइलवर खेळणारा माणूस बसची वाट बघत असतो. त्याला मॅच दहा मिनिटांत हवी. म्हणून पाच ओव्हरचा मोड केला, आणि तिथेच सगळं फसलं. जो तो पहिल्या बॉलपासून डोळे मिटून फिरवायचा. पाच ओव्हरमध्ये दीडशे रन. ते खोटं वाटतं म्हणून बोलिंग कठीण केली, तर लोक दुसऱ्या ओव्हरला ऑल आउट होऊन गेम बंद करायला लागले. पुन्हा सोपी केली, पुन्हा दीडशे. महिनाभर हेच. शेवटी मीटिंगमध्ये बॉस म्हणाला, लोकांना सिक्सच आवडतात, राहू दे असंच. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हे क्रिकेट नाही, हे गोपाळकाल्याला हंडी फोडणं आहे, आणि खुर्ची मागे ढकलली ती भिंतीवर आपटली. बॉस शांत माणूस आहे. म्हणाला, "शुक्रवारपर्यंत तू करून दाखव. नाही जमलं तर मोड काढून टाकू, आणि तू पण दुसरीकडे बघ."

मला काडीची कल्पना नव्हती काय करायचं. टपरीवर चहा घेऊन उभा होतो आणि मिरचीचा वास आला. कुणीतरी लालबागहून मसाला कुटून घेऊन चाललं होतं, पिशवीतून वास येत होता. तुझ्या हातांचा वास.

तो गेम तू आणलेलास तो दिवस आठवतो का गं? मे महिना, तुमच्या मसाला कुटायच्या डंकावर पाय ठेवायला जागा नाही, बायका मिरच्यांची पोती घेऊन रांगेत. टॉवरमधली कुणी बाई घर बदलून चाललेली, तिने मुलाचा जुना टीव्हीला लावायचा गेम तुला देऊन टाकला. तू तो मसाल्याच्या पिशवीत घालून आणलास. त्यात एकच सीडी होती, क्रिकेटची. कंट्रोलर हातात धरला की शिंका यायच्या. मी शिंकत शिंकत बॅटिंग करायचो आणि तू लसूण सोलत हसायचीस. चाळीतल्या पोरांत माझ्याएवढा श्रीमंत कुणी नव्हता.

पण टीव्ही एक आणि संध्याकाळी तुझी मालिका. तू म्हणालीस, अर्धा तास खेळ, मग बंद. मी अर्ध्या तासात जेवढं मारता येईल तेवढं मारायचो. तू एकदा मान वर करून स्क्रीनकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ह्येका आउट होवची भीतीच नाय रे. खाली खेळतंस तेव्हा असो मारतंस?" खाली चाळीच्या चौकात मी कसा मारणार, पहिल्या माळ्यावरच्या काकूंची खिडकी फुटली की बॅट जप्त. तिथे प्रत्येक बॉल बघून खेळावा लागायचा. तुला नेमकं काय म्हणायचं होतं देव जाणे, तुला बहुतेक फक्त टीव्ही हवा होता. कारण दुसऱ्या दिवशी तू अर्ध्या तासाची अट काढून टाकलीस आणि नवीन नियम केलास. "तिसरी विकेट पडली काय टीव्ही माझो. समाजलां?"

मी लुच्चा. मी टुकूटुकू खेळायला लागलो. बॉलमागून बॉल अडवायचे, विकेट जाऊच द्यायची नाही. तुझी अर्धी मालिका बुडाली आणि तू उलथनं घेऊन उभी. मग त्यात ओव्हर पण आल्या. पाच ओव्हर, नाहीतर तीन विकेट, जे आधी संपेल ते. हा नियम गेममध्ये नव्हता, तो फक्त आपल्या घरात होता. तिसरा आउट झाला की पाचवा बॅट्समन ग्लोव्हज घालत मैदानात येत असायचा आणि तू रिमोट दाबायचीस. त्या टीमचा पाचव्या नंबरचा माणूस कसा खेळतो ते मला आजवर माहीत नाही. एकदा मी पहिल्याच ओव्हरमध्ये तिन्ही घालवल्या आणि रागाने कंट्रोलर लादीवर आपटला. तू ओरडली नाहीस. तुटलेला तुकडा उचलून त्याला चिकटपट्टी लावत बसलीस आणि म्हणालीस, "आपटून गेलेलो परत येता काय?" नंतर मालिका लावलीस. मी तुझ्या मांडीला टेकून रडलो, आणि रडताना पण शिंकत होतो.

टपरीवर चहा तसाच ठेवून मी वर पळालो. तीस बॉलांना दहा माणसं दिली तर भीती कशाला वाटेल? एक गेला, दुसरा येईल. आम्ही मॅच लहान केली होती, पण विकेट तेवढ्याच ठेवल्या होत्या, आणि मग बोलिंगवर खापर फोडत होतो. मी पाच ओव्हरला तीन विकेट केल्या. बोलिंग पुन्हा खऱ्यासारखी ठेवली, तिला हात लावला नाही. वेळ वाचवायला बोलरचं मागे चालत जाणं, फील्डरचं बॉल परत फेकणं, रिप्ले, सगळं कापलं. एकच गोष्ट ठेवली. आउट झालेला माणूस पॅव्हेलियनपर्यंत चालत जातो ते पूर्ण बघायचं, बोट लावून पुढे ढकलता येणार नाही. बॉस म्हणाला, खेळणारा कंटाळेल. मी म्हटलं, कंटाळू दे की, आउट झालाय तो. या वेळी खुर्ची ढकलली नाही. मी पण सुधारतोय गं.

आता त्या मुलीचं सांगतो. ती आमच्याकडे आवाजाचं काम करते, बॅटला बॉल लागल्याचा, गर्दीचा, स्टंप उडाल्याचा. गिरगावची आहे, शुद्ध बोलते. एकदा तिने मला जिन्यात उभं करून दुपारभर एकाच लाकडी बॅटीवर बॉल आपटायला लावला आणि डोळे मिटून ऐकत बसली. तेव्हापासून माझं काही खरं नाही. तिला काही बोललो नाही अजून. बाकी मजल्याला माहीत असावं, कारण ती आली की लोक माझ्याकडे बघतात.

आज शुक्रवार. बॉसने सगळ्यांना एकेक मॅच खेळायला दिली. पहिल्या दोघांनी नेहमीसारखं फिरवलं, तिन्ही विकेट घालवल्या, आणि तीन वेळा ते लांबचं चालणं बघत बसले. तिसऱ्याला जरा अक्कल आली. मग ती बसली. पहिल्याच ओव्हरला तिची एक विकेट गेली, दुसरी तिसऱ्या ओव्हरला. शेवटची उरली, दहा बॉलांत चौदा हवे होते, आणि तो बॉल बाहेरून आला. तिने सोडला. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे, हिने सोडला." ती वळून माझ्याकडे बघून म्हणाली, "भीती वाटली रे." पुढच्या दोन बॉलांना चार-चार मारले आणि शेवटच्या ओव्हरमध्ये जिंकली. बॉस म्हणाला, गेम उघडला की पहिला हाच मोड दिसला पाहिजे. माझ्याकडे बघून म्हणाला, तुझं टेस्टिंग आजपासून बंद, सोमवारी डिझाइनवाल्यांत बस. डिग्रीचं कुणी काही विचारलं नाही. पप्पांना फोन केला तर जेवायला ये म्हणाले. नंतर शेजारच्यांना सांगताना त्यांचा आवाज मला फोनमधून ऐकू येत होता. ठेवायचं विसरले होते. मी पण ठेवला नाही.

संध्याकाळी खाली उतरताना तिने विचारलं, हे तुला सुचलं कसं. मी म्हटलं, आईमुळे. त्या क्रिकेट बघायच्या का, म्हणाली. म्हटलं, छे, मालिका बघायची. ती हसली, म्हणाली काय होतं त्या मालिकेत? आणि मी सांगत सुटलो. मोठ्या सुनेवर चोरीचा आळ कसा आला, दिराने दागिने कुठे लपवले, सासू आजारी पडल्याचं सोंग कशी करायची, ती सून घर सोडून गेली त्या दिवशी पाऊस कसा होता. परळच्या पुलापर्यंत तेच चाललं होतं. ती थांबली आणि म्हणाली, "तू तर खेळायचास ना? मग तुला एवढं सगळं कसं माहीत?"

तिला मी म्हटलं, कानावर पडायचं. खरं तुला सांगतो, आणि हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगता येतं. तू डंकावर सगळ्या बायकांना माझ्याबद्दल सांगायचीस, "माझो झील विकेट टाकणा नाय." ते मी ऐकलंय, माझी छाती फुगायची. पण आई, मालिकेची वेळ झाली की तू लसणाची परात बाजूला ठेवायचीस, हात पदराला पुसायचीस, भिंतीला टेकून बसायचीस आणि तुझ्या बाजूला एका माणसाची जागा व्हायची. मग पुढचा बॉल सरळ स्टंपवर येताना मला नीट दिसायचा, आणि मी तो सोडायचो.