स्वयंपाकघराच्या दारावरचा आदेश

अण्णा, गेल्या महिन्यात आईचं वजन केलं. तुमच्याच लोखंडी काट्यावर, ज्यावर दर रविवारी सकाळी तुम्ही आम्हाला अनवाणी उभं करायचात. एकोणचाळीस किलो भरलं. मला वाटलं, काटा गंजला असेल. म्हणून तिला रिक्षात बसवून शास्त्री नगरला माझ्या जिममध्ये नेलं आणि तिथल्या नव्या मशीनवर उभं केलं. तिथे त्याहूनही कमी भरलं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही. आज लिहितोय, कारण मला तुमचा राग आलाय. जुना, शिळा झालेला नव्हे, ताजा. माझं मराठी कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे, शाळा सगळी हिंदीत, पुढचं सगळं जयपुरात, मतलब लिहिताना अडखळणारच. पण रागवण्यापुरतं आहे.

वजन केलं त्याच्या पंधरा दिवस आधी आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली होती. हाड मोडलं नाही. डॉक्टरांनी तिची मांडी चाचपली, दंड चाचपले, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आप क्या करते हैं?" मी म्हटलं, जिम आहे, ट्रेनर आहे. ते चष्मा काढून पुसत बसले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. मग म्हणाले, "अम्माजी के बदन में मांस बचा ही कहाँ है?" पुन्हा पडल्या तर खुबा मोडेल, आणि या सत्तरीत खुबा मोडलेलं माणूस अंथरुणातून उठेल याचा भरवसा नसतो. औषध काही नाही म्हणाले. अंडी, डाळ, पनीर, दूध, तूप, जे जाईल ते पोटात घाला आणि रोज खुर्चीवरून दहा वेळा उठवा-बसवा. तीन-चार किलो वाढले तरी पुष्कळ.

माझा सगळा दिवस लोकांची वजनं उतरवण्यात जातो. खाली मिठाईचं दुकान, वर माझी जिम. कचोऱ्या तळल्याचा वास जिना चढून आमच्या ट्रेडमिलपर्यंत येतो आणि माझी माणसं घाम गाळत त्या वासाला शिव्या घालतात. तिथे मी सांगतो आणि लोक ऐकतात. इतकं ऐकतात की भीती वाटते. मागे एका बँकेतल्या बाईंना मी डंबेल जागेवर ठेवता ठेवता सहज म्हणालो, केळं जरा बेतानं खा. तीन महिन्यांनी कळलं की त्यांनी घरात केळं आणणंच बंद केलंय, मुलांसाठीसुद्धा. मी बोलून विसरून गेलो होतो. तेव्हापासून जिभेला लगाम घातलाय, वर दहा वेळा सांगतो की आधी डॉक्टरांना विचारा. तुम्हाला हा लगाम कधी लागलाच नाही. पलटणीतला पीटी उस्ताद, सुभेदार होऊन निवृत्त झालेला, छाती अशी की विद्याधर नगरच्या बागेत सकाळी तुम्ही शिरलात की बाकांवरची माणसं पोट आत घ्यायची. तुमच्या तोंडून पडेल ते ब्रह्मवाक्य.

आणि काय काय पडायचं तोंडून! घाम निघाला की चरबी निघाली, म्हणून निवृत्त इंजिनियरांच्या पोटांना प्लास्टिक गुंडाळून तुम्ही त्यांना जूनच्या उन्हात पळवलंत. भात खाल्ला की तो सरळ कमरेला जातो. पोटाची चरबी पोटाच्याच व्यायामानं जाते, हाताची हाताच्या. बाईमाणसानं वजन उचलू नये, अंग दगड होतं. पन्नाशीनंतर बाईला एक चपाती पुष्कळ, जास्तीची अंगाला चिकटते. अण्णा, घाम म्हणजे पाणी. ते गेलं की काटा खाली येतो आणि तांब्याभर पाणी प्यायलं की परत वर. चरबी कुठून उतरायची ते अंग ठरवतं, उस्ताद नाही. आणि वय झालेल्या बाईनं कमी नाही, नीट खायला हवं, आणि वजनही उचलायला हवं, नाहीतर ती बाथरूममध्ये पडते. हे मी पोटासाठी शिकलो, परीक्षा देऊन शिकलो. तुम्ही काहीही शिकला नाहीत. विशीतल्या रंगरुटांवर, नव्या भरतीच्या पोरांवर, जे चाललं तेच तुम्ही सगळ्या जगावर चालवलंत, आणि सगळ्यात जास्त चालवलंत अशा एका माणसावर, ज्यानं तुमच्यापुढे कधी ब्र काढला नाही.

बागेतली माणसं तुमचं ऐकून घरी जायची आणि गुपचूप भात खायची. आई कुठे जाणार होती? ती पन्नाशीला आली तेव्हा तुम्ही तिच्यासाठी आदेश काढलात. पलटणीच्या नोटीस बोर्डावर लावतात तसा, लाल शाईनं, हिंदीत, कारण आदेश मराठीत लिहिण्याची तुम्हाला सवयच नव्हती. "चीनी बंद. चावल बंद. घी बंद. रोटी एक. शाम सात के बाद खाना बंद." वर प्लास्टिक चढवून आणलंत आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून ठोकलंत. तुमचा फोटो बैठकीत आहे, त्याला हार आहे. पण या घरात तुमचा वास आहे तो त्या दारावर. अठरा वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर केलं आणि मला तो कागद दिसेनासा झाला. तो आईसाठी अजून लागू आहे हे मला त्या डॉक्टरांकडून परतल्यावर कळलं. मला, ट्रेनरला.

कारण मी ताटात दोन अंडी ठेवली, चपातीला तूप लावलं, आणि ती ताट सरकवून म्हणाली, "मला नगं रं. एक चपाती बास मला."

"आई, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"त्या भैयाला काय ठावं? त्यांनी सांगितलंय, पन्नाशीनंतर एक. जास्तीची अंगाला चिकटती."

"कुणी सांगितलंय?"

"कुणी म्हणजे? तुझ्या अण्णांनी."

सांगितलंय. अठरा वर्षांनंतरही 'सांगितलं होतं' नाही. मी समजावलं, ओरडलो, हात जोडले. वरणात तूप लपवलं तर तिनं वाटी हुंगून बाजूला ठेवली. संध्याकाळी सातला ती तोंड धुऊन, पदरानं पुसून बसायची, आता काही मागायचं नाही असं. थंडीचे दिवस म्हणून शेजारच्या काकीजी बाजरीची रोटी, गूळ आणि लोणी घेऊन आल्या, आईनं ती त्यांच्यापुढे हसून घेतली आणि त्यांची पाठ वळताच माझ्या हातात दिली. "तू खा, तुझं अंगमेहनतीचं काम." तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण हे मी आधी पाहिलं होतं.

तुम्हाला आठवत नसेल. जयपूरला बदली झाली त्या पहिल्याच वर्षीची होळी. मिलिटरी स्टेशनमधलं ते दोन खोल्यांचं क्वार्टर, पलटणीतली तीन कुटुंबं जेवायला, मी तेरा वर्षांचा. आई पहाटेपासून पुरण वाटतेय. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती शेवटी बसते, कडेला, उंबऱ्याजवळ. एक पोळी खाते आणि दुसरी घेते. तुम्ही तुमच्या पाटावरून उठता. मला वाटतं, तुम्ही तिला तूप वाढायला उठलात. तुम्ही तिच्या ताटातून ती पोळी उचलता आणि माझ्या ताटात टाकता. "वाढत्या अंगाचं पोरगं हाय ते. तुझं अंग वाढलंय तेवढं बास." एक जण हसून म्हणतो, "क्या बात है उस्तादजी, घर में भी परेड!" मग सगळेच हसतात. आईसुद्धा हसते, पाहुण्यांचा मान राखायला. तेव्हा ती चाळिशीची असेल, अंगानं जराशी भरलेली, चांगली दिसायची. पुढच्या प्रत्येक होळीला तिनं पोळ्या केल्या आणि एकही खाल्ली नाही. विचारलं तर म्हणायची, पुरण वाटून वाटून वासानंच पोट भरतं. तुम्ही ती गोष्ट त्याच दुपारी विसरला असाल. हाच तर माझा राग आहे. तुम्ही सहज बोललात आणि तिनं ते जन्मभर पाळलं.

मागच्या गुरुवारी मी तो आदेश फाडला. नुसता काढला नाही, खिळ्यांसकट उपटला, कात्रीनं तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. आई पिठाच्या डब्याशी उभी होती. त्या दिवशी तिनं ती एक चपातीही खाल्ली नाही. शुक्रवारी सकाळी चहा ठेवला तसाच. तिच्या मनगटाचा सांधा दिसत होता, त्यावर सैल झालेली बांगडी, आणि मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली की माझ्या रागापायी मी हिला घालवून बसेन. आदेश गेला, पण तो काढायचा अधिकार माझा नव्हता तिच्या लेखी. तुमचा आदेश तुम्हीच रद्द करू शकत होतात.

म्हणून मी खोटं बोललो. चहाचा कप परत तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "आई, एक सांगायचं राहूनच गेलं. अण्णा हॉस्पिटलात होते ना शेवटचे, तेव्हा मला म्हणाले होते, तुझी आई सत्तरीची झाली की दारावरचा चार्ट बदल. नवा स्वतः लिहून देणार होते."

तिनं मान वर केली. "मग लिहून का न्हाय दिलं?"

"हाताला सलाईन होतं."

हे मात्र खरं होतं. डेंगीच्या तापात आठ दिवस तुमच्या दोन्ही हातांना सुया होत्या. तिनं कप पुढे ओढला. मग म्हणाली, "आन् तू एवढी वर्सं गप बसलास?" मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "तू हायसच तसा इसराळू." आणि चहा प्यायली, बशीत ओतून, सगळा.

मी जिममधून जाड कागद आणला. लाल स्केचपेन आणलं. तुमच्यासारखं अक्षर काढायचा प्रयत्न केला, ते ठोकळ्यांसारखं. "अंडा रोज दो. दूध सुबह शाम. घी चालू. रोटी तीन." आई शेजारी उभी राहून वाचत होती. "आन् भात?" तिनं विचारलं, नवा रंगरूट सुट्टीचं विचारतो तशी, हळूच. मी लिहिलं, "चावल रोज." प्लास्टिक चढवलं आणि त्याच जागी, त्याच भोकांत खिळे ठोकले. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर आईनं स्वतः उठून भात टाकला. वरण, भात, वर तूप. खाता खाता दाराकडे बघून म्हणाली, "बघ, मनात हुतं त्यांच्या. तोंडानं कधी गोड बोलले न्हाईत. पण माझी काळजी हुती त्यांना." आणि तिचे डोळे भरून आले, अण्णा. मी तिला असं सुखानं जेवताना कधी पाहिलं नव्हतं.

तुम्ही असं काहीही म्हणाला नव्हतात. शेवटच्या आठ दिवसांत तुम्ही आईबद्दल एकदाच बोललात, की हॉस्पिटलातल्या लापशीत साखर फार आहे, तिला सांग घरून बिनसाखरेची आण. काळजी माझी, कागद माझा, खोटं माझं, आणि श्रेय तुम्हाला. तिला आता तुम्ही आधीपेक्षा जास्त आवडता. संताप होतो माझा. आणि मी काही करू शकत नाही, कारण हे तिला कळलं तर दुसऱ्या दिवसापासून ती परत एका चपातीवर. ती मराठी माझ्यापेक्षा चांगलं वाचते, घरात पडलेला कागद सोडत नाही, किराण्याची पुडीसुद्धा उलगडून वाचते. म्हणून हे पत्र घरात राहणार नाही. जिमच्या कपाटात, वजन उचलताना कमरेला बांधायच्या पट्ट्यांच्या खाली ठेवतो. पाठवायला तसाही पत्ता नाही.

एक राहिलं. होळीच्या त्या दिवसाचं वर लिहिलंय, पण तुम्ही पोळी माझ्या ताटात टाकलीत तिथेच मी थांबलो. ती मी खाल्ली, अण्णा. आईकडे न बघता, सगळी. कोरडी लागली म्हणून वर तूप मागितलं, आणि ते आईनंच उठून वाढलं.